रोमन बैलाच्या खांद्यावरची हळद

रेणूची आणि माझी ओळख अमेरिकेत, डेट्रॉइटजवळच्या ट्रॉयमधल्या आमच्या अपार्टमेंटच्या लाँड्रीत झाली. मी तिथे गात होतो. तळघरातली खोली, वर काँक्रीटचं छत, आवाज छान घुमतो. शिवाय कपडे वाळवायची यंत्रं घरघरत असली की कुणी तक्रार करत नाही. मुलगी शैलजा सकाळी ऑफिसला गेली की मी टॉवेल घेऊन खाली उतरायचो. कधीकधी टॉवेल स्वच्छ असायचे.

"काका, तुम्ही नाटकात होता का?" मागून कुणीतरी विचारलं.

वळून पाहिलं तर कडेवर कपड्यांची टोपली घेतलेली एक सडपातळ मुलगी. मुलगी म्हणजे तिशीची बाई, पण माझ्या वयाला सगळ्या मुलीच.

"अजून आहे," मी म्हणालो. "सध्या प्रयोग नाहीत, एवढंच."

ती हसली. नागपूरची निघाली. मी वडशाचा. म्हणजे पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीचा. आमच्याकडे हिवाळ्यात दिवसा बैलांच्या शर्यतीचा शंकरपट भरतो आणि पटाला आलेल्या माणसांसाठी रात्री नाटक होतं. उमेदीची सगळी वर्षं मी त्या मांडवांत काढली. राजा झालो, सावकार झालो, दारुडा तर इतक्यांदा झालो की गावातली पोरं मला रस्त्यात सावरायला धावायची. एकदा नटी आजारी पडली तेव्हा आईही झालो. तेव्हा माइक असला तरी त्याचा भरवसा नसे. शेवटच्या बैलगाडीवर बसलेल्या म्हाताऱ्यापर्यंत आवाज गेला पाहिजे, नाहीतर तो गाडी जुंपून घरी जाई.

आणि इथे, अमेरिकेत, माझा आवाज कुणालाच नको होता. शैलजा प्रेमाने म्हणायची, "बाबा, जरा हळू. शेजारी झोपलेत." शेजाऱ्यांचं बरोबरच होतं.

"मला बोलायला शिकवाल?" रेणूने विचारलं, आणि माझी निवृत्ती तिथे संपली.

तिची गोष्ट अशी होती. तिने नागपुरात प्राचीन इतिहासात एम. ए. केलं होतं. नवरा केदार गाड्यांच्या सुट्या भागांच्या एका कंपनीत इंजिनिअर. त्याच्या व्हिसावर ती आलेली, त्यामुळे पगाराची नोकरी करायची तिला परवानगी नव्हती. चार वर्षांच्या लेकीला, इशिताला, शाळेत सोडलं की ती आणि भिंती. मग तासाभराच्या अंतरावरच्या एका कॉलेजच्या लहानशा म्युझियममध्ये तिला विनापगारी काम मिळालं. शाळेची मुलं आली की त्यांना रोमन लोकांच्या वस्तू दाखवून माहिती सांगायची. वस्तू तिला पाठ होत्या, अडचण आवाजाची होती. तो गळ्यातून निघायचा आणि हनुवटीपाशी येऊन बसायचा.

"मुलं पुढे झुकून विचारतात, व्हॉट? व्हॉट?" ती म्हणाली. "अजून दोनदा असं झालं की आमची मुख्य, हेलन, मला लेबलं चिकटवायला बसवेल."

त्या दिवसापासून लाँड्री ही आमची तालमीची जागा झाली. ती एका भिंतीशी, मी दुसऱ्या. मध्ये सहा यंत्रं. मी तिला सांगायचो, "शेवटच्या माणसाला गोष्ट सांग. पुढचे आपोआप ऐकतात."

तिने मला सांगितलेलं सगळं अजून डोळ्यांपुढे आहे. रोमन माणसाच्या घरात देव्हारा असायचा. घर राखणारे छोटे देव त्यात उभे, आणि त्यांच्याजवळ बोटाएवढे प्राणी. कोंबडा, बोकड आणि कासव हे त्यांच्या एका देवाचे सोबती. हा देव वाटसरूंना आणि व्यापाऱ्यांना सांभाळायचा. डिसेंबरातल्या सणात लोक एकमेकांना मातीच्या लहान मूर्ती भेट द्यायचे. मूल गेलं तर त्याच्यासोबत मातीचा कुत्रा किंवा पक्षी पुरायचे.

"कशाला?" मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा विचारलं.

"नक्की माहीत नाही, काका. सोबत म्हणून असेल."

ती हे म्हणाली तेव्हा सहा यंत्रं चालू होती, आणि मला प्रत्येक अक्षर ऐकू आलं.

मग ती दर गुरुवारी मला म्युझियममध्ये नेऊ लागली. मी मागच्या बाकावर बसायचो आणि आवाज पडला की कानामागे हात धरायचो. तिथल्या मुख्य बाई हेलन यावोर्स्की, साठीच्या, पांढरे आखूड केस, पायात धावायचे बूट. बोलणं कोरडं आणि मोजकं. पहिल्या दिवशी त्यांनी मला विचारलं, "तुम्ही कोण?" रेणू म्हणाली, "माझी शेवटची रांग." हेलनबाईंनी मान हलवली, जणू असं पद त्यांच्याकडे पूर्वीपासून होतं.

म्युझियममध्ये एक पेटी होती. काचेआड ठेवण्याइतक्या धड नसलेल्या, पण खऱ्याखुऱ्या जुन्या वस्तू त्यात होत्या, मुलांनी हातात घेऊन बघाव्यात म्हणून. एक दिवा, कान गेलेला कुत्रा, चोच गेलेला कोंबडा. आणि तळहातावर मावेल असा भाजलेल्या मातीचा बैल. सतराशे-अठराशे वर्षांचा. एक शिंग तुटलेलं. चारही पायांना आरपार भोकं, आस घालून चाकं लावायची. चाकं केव्हाच गेलेली. हे पोराचं खेळणं होतं की देवाला वाहिलेली वस्तू, यावर जाणकारांचं एकमत नाही, असं रेणू सांगायची. मी विदर्भातला माणूस. तो बैल पहिल्यांदा हातात आला तेव्हा मला तान्हा पोळा आठवला. रेणूलाही आठवला असणार, पण आम्ही दोघं काही बोललो नाही. घरची आठवण ही अशीच, बोललं की जड होते.

ज्यांनी तान्हा पोळा पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो. मोठ्या पोळ्याला खरे बैल सजतात. दुसऱ्या दिवशी पोरांचा पोळा. चाकांचे लाकडी नंदी सजवून, दोरीने ओढत पोरं घरोघर जातात आणि लोक त्यांच्या हातावर खाऊ-पैसे ठेवतात.

२००६ च्या उन्हाळ्यात केदारची आई मालिनीबाई उमरेडहून सहा महिन्यांसाठी आल्या. यायच्या आधी फोनवर त्यांना एकच काळजी होती. पोळ्याला त्या इथे असणार, नातीचा तान्हा पोळा पहिल्यांदाच त्यांच्या डोळ्यांदेखत व्हायचा, पण नंदी? रेणू म्हणाली होती, "नंदीचं मी बघते, आई." म्हणाली आणि विसरून गेली.

ऑगस्टात हेलनबाईंनी पहिल्यांदाच ती पेटी रेणूला घरी नेऊ दिली. शुक्रवारी ट्रॉयच्या लायब्ररीत मुलांचा कार्यक्रम होता. रेणूला एकटीने करायचा होता. ती इतकी आनंदात होती की पेटी जेवणाच्या टेबलावर ठेवून, झाकण उघडून, एकेक वस्तू बघत बसली. मग घड्याळ दिसलं. इशिताला पोहण्याच्या क्लासमधून आणायचं होतं. ती तशीच पळाली.

अर्ध्या तासाने माझ्या दारावर थाप पडली. बेल असताना थाप.

"काका, जरा चला."

तिच्या घरात उदबत्तीचा वास होता. मायक्रोवेव्हच्या वरच्या फळीवर त्यांचा देव्हारा. त्याच्यासमोर पाट, पाटावर तांदूळ, आणि तांदळावर तो रोमन बैल. कपाळाला कुंकू. खांद्यावर हळद आणि तूप, चांगलं चोळून चोळून जिरवलेलं. मालिनीबाई हात जोडून त्याला सांगत होत्या, "आज आवतण घ्या, उद्या जेवाले या."

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलाचे खांदे असेच मळतात. त्यांनी काहीच वेडंवाकडं केलं नव्हतं. बैल तेवढा चुकीचा होता.

"या मोरेश्वरभाऊ," त्या म्हणाल्या. "पाहा माझ्या सुनेनं काय आणून ठेवलं. मला वाटलं होतं ही विसरून जाईल. एवढा जुना, हातानं केलेला, कुठून शोधून काढला तिलाच माहीत. चाकं तेवढी नाहीत. ते केदार लावून देईल." आणि पदराने डोळे पुसले. "माझ्या लेकरांच्या वेळेस मला कोणी विचारलंही नव्हतं बापा, नंदी हवा का म्हणून."

रेणू माझ्याकडे बघत होती. 

केदार आला, त्याला बाहेर जिन्यात सगळं सांगितलं. त्याने बैल आणून दिव्याखाली धरला. कुंकू वरवर होतं. पण तूप कोऱ्या मातीत उतरलं होतं आणि हळद तुपाबरोबर.

"टूथब्रशने घास ना यार. थोडा डिश सोप लाव. कुणाला कळणार आहे?"

"घासलं तर माती जाईल. आणि मला कळेल."

"अगं पण सांगितलंस तर ते तुला काढून टाकतील."

"हो," रेणू म्हणाली.

तिच्या जागी दुसरं कुणी असतं तर मी म्हणालो असतो, एवढं काय त्यात. पण त्या म्युझियमच्या बाहेर अमेरिकेत तिचं स्वतःचं असं काही नव्हतं. घर केदारच्या नोकरीवर, व्हिसा केदारच्या नावाने. ती पेटी मात्र तिच्या आवाजाने तिने मिळवली होती.

जिन्यातून ती सरळ आत गेली आणि सासूशेजारी खाली बसली. सगळं सांगितलं. आपण विसरलो होतो हेही. ते सांगायची खरं तर गरज नव्हती.

मालिनीबाईंनी पाटाकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "म्हणजे तो दुसऱ्याचा बैल आहे."

"हो, आई."

"दुसऱ्याच्या बैलाला आवतण देऊन बसली मी."

"तुमची काही चूक नाही. मी पेटी उघडी टाकली."

"ते राहू दे. आवतण तर दिलं ना? आता त्याला उपाशी पाठवता येत नाही." त्या उठल्या. "चण्याची डाळ कुठी ठेवली?"

सकाळी आम्ही तिघं गाडीत. रेणू गाडी चालवत होती, माझ्या मांडीवर पेटी, मागच्या सीटवर मालिनीबाई आणि त्यांच्या मांडीवर पुरणपोळ्यांचा डबा. तुपाचा वास गाडीभर. हायवेवर रेणू ओठांतल्या ओठांत पुटपुटायला लागली. हेलन, आय नीड टू टेल यू समथिंग.

"पाठ करू नकोस," मी म्हणालो. "पाठ केलेला कबुलीजबाब शेवटच्या रांगेलासुद्धा कळतो."

"मग काय करू?"

"आत जा आणि सांग."

हेलनबाईंच्या ऑफिसात तिने तसंच केलं. पेटी उघडली, बैल काढला, टेबलावरच्या कापडावर ठेवला आणि साध्या शब्दांत सांगितलं. तिचा आवाज हनुवटीपाशी थांबला नाही. मी दाराशी उभा होतो, मला स्वच्छ ऐकू आलं.

हेलनबाईंनी चष्मा बदलला. हातमोजे घातले. बैल उचलून खिडकीपाशी नेला आणि फिरवून फिरवून पाहिला.

"हे तेल आहे?"

"तूप. आणि हळद."

"मी तुझ्यावर विश्वास ठेवून पेटी दिली होती, रेणू."

"हो."

"मला वरती सांगावं लागेल. पेटी आता बाहेर जाणार नाही. शुक्रवारचा कार्यक्रम रद्द. पुढचं मी कळवीन. तोवर तू येऊ नकोस."

त्या बाई ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं वाटलं असतं. रेणूने मान हलवली.

तेवढ्यात मालिनीबाईंनी डबा पुढे केला. "हे त्याच्यासाठी."

"कुणासाठी?" हेलनबाईंनी विचारलं.

रेणूचा चेहरा कानापर्यंत लाल झाला. पण तिने भाषांतर केलं. "बैलासाठी. त्याला आज जेवायला बोलावलं होतं."

हेलनबाई खुर्चीत बसल्या. बैलाकडे पाहिलं, डब्याकडे पाहिलं. मग बैलाच्या खांद्याकडे बोट करून विचारलं, "खांद्यालाच का?"

मालिनीबाईंना भाषांतर लागलं नाही. त्यांनी आपल्या खांद्यावर हात ठेवला, जू बसतं तिथे, आणि वर्षभर घासतं तसा हात घासून दाखवला. मग तोच हात हळू फिरवला, तूप लावल्यासारखा. मी मोठमोठे नट पाहिले आहेत. इतका नेमका अभिनय फार थोड्यांचा पाहिला.

हेलनबाई म्हणाल्या, "माझी बुशा ईस्टरला लोण्याचं कोकरू करायची." बुशा म्हणजे त्यांच्याकडे आजी. त्या डेट्रॉइटच्या पोलिश वस्तीत वाढलेल्या. "मिऱ्यांचे डोळे लावायची. टोपलीत घालून चर्चमध्ये न्यायची आणि फादरकडून त्याच्यावर पवित्र पाणी शिंपडून आणायची."

"मग?" मालिनीबाईंनी रेणूमार्फत विचारलं.

"मग आम्ही त्याला खायचो."

"देवाचं कोकरू खाल्लं?"

"पावाला लावून."

मालिनीबाई इतक्या हसल्या की खुर्चीचा हात धरावा लागला. वस्तूंजवळ खायला मनाई होती, म्हणून आम्ही चौघं मागच्या पायऱ्यांवर जाऊन बसलो. बैल आत खिडकीत. नैवेद्य त्याला लांबून दाखवला आणि पुरणपोळी हेलनबाईंनी खाल्ली. दोन खाल्ल्या. पण उठताना त्या रेणूला म्हणाल्या, "माझा निर्णय तोच आहे, समजलं ना?" आणि रेणू म्हणाली, "समजलं."

दुसऱ्या दिवशी आमच्या कॉरिडॉरमध्ये इशिताचा तान्हा पोळा झाला. केदारने खेळण्यांच्या दुकानातून चाकांची लाकडी गाय आणली होती, काळी-पांढरी, अमेरिकन. मालिनीबाईंनी तिलाही मान दिला. इशिता दारोदार गाय ओढत गेली आणि प्रत्येक दार उघडलं की म्हणाली, "इट्स नॉट हॅलोवीन, इट्स पोळा." लोकांनी तिला चॉकलेटं दिली.

नंतरचे महिने मात्र वाईट गेले. गुरुवार रिकामा. रेणू लाँड्रीत कपडे टाकून जायची, बोलायची नाही. मी विचारलं की "ठीक आहे, काका," आणि तो आवाज पुन्हा हनुवटीपाशी. मी भिंतीशी उभा राहून तालीम चालू ठेवली. तिचीच वाक्यं, माझ्या मोडक्यातोडक्या इंग्रजीत. रोमन लोकांच्या घरात देव्हारा असायचा. एकदा मी मुद्दाम कासवाच्या जागी कावळा म्हणालो. पाठमोरीच ती म्हणाली, "कासव." एवढंच. पण मला कळलं, आग विझलेली नाही.

नोव्हेंबरात मालिनीबाई परत गेल्या. जाताना त्यांनी मला बाजूला घेतलं. "भाऊ, माझ्यामुळे पोरीचं काम गेलं. तिनं एका शब्दानं मला बोल लावला नाही. अशी सून कोणाले मिळते?" मी म्हणालो, "आणि अशी सासू?" त्या म्हणाल्या, "तुम्ही नाटकवाले, तोंडावर गोडच बोलता."

जानेवारीत, बाहेर गुडघाभर बर्फ असताना, हेलनबाईंचा फोन आला. रेणूने मलाही नेलं.

बैल त्यांच्या ऑफिसच्या खिडकीत काचेच्या पेटीत उभा होता. म्युझियमच्या दुरुस्ती करणाऱ्या बाईंनी तूप औषधाने ओढून काढलं होतं. हळद उजेडात उडते, तेव्हा खिडकीत ठेवा, असं त्या म्हणाल्या होत्या. उमरेडहून मालिनीबाईंचाही तोच निरोप होता. पिवळा रंग बराच गेला होता. खांद्याच्या खळगीत मात्र थोडा राहिला होता, कोवळ्या उन्हासारखा.

"पूर्ण जाणार नाही," हेलनबाई म्हणाल्या. "मुलं विचारतात, हा डाग कसला. माझे बाकीचे लोक सांगतात, अपघात झाला. मग मुलं गप्प बसतात." त्यांनी चष्मा काढला. "त्याचं खरं उत्तर ज्या माणसाकडे आहे, त्याला मीच घरी बसवलं आहे. वरून परवानगी मिळाली आहे. पेटी इमारतीबाहेर जाणार नाही, ही अट कायम."

रेणूने बैलाच्या काचेवर हात ठेवला.  मग हेलनबाई माझ्याकडे वळल्या. "शेवटची रांगही परत येते आहे ना?"

फेब्रुवारीत तिसरीची मुलं आली. मी मागच्या बाकावर. रेणूने बैल तळहातावर घेतला, पायांची भोकं दाखवली, डाग दाखवला. चष्मा घातलेल्या एका मुलीने विचारलं, "मग हा खेळायचा होता की पूजेचा?"

रेणूने मुलांच्या डोक्यांवरून सरळ माझ्याकडे पाहिलं.

"रोमन लोकांचं मला नक्की सांगता येणार नाही," ती म्हणाली. "पण मागच्या ऑगस्टमध्ये हा माझ्या घरी आला होता. माझ्या मुलीने ओढावा म्हणून तिच्या आजीने आधी त्याचा खांदा चोळून दिला. खूप काम केलं असेल म्हणून. आणि त्याला जेवायला बोलावलं."

मुलं पुढे झुकली नाहीत. गरजच नव्हती. मी कानामागे हात नेला नाही. मला फक्त रुमाल काढावा लागला.

२००८ मध्ये गाड्यांच्या कंपन्यांचं गडगडायला लागलं. केदारची नोकरी गेली, नवी अमेरिकेच्या दुसऱ्या टोकाला, बॉथेलला मिळाली, आणि रेणूचं बिऱ्हाड हलवणाऱ्या ट्रकमध्ये ती लाकडी गायही गेली. निघताना तिने माझ्या पाया पडायला वाकून मग मिठीच मारली. म्हणाली, "काका, गुरुवार सोडू नका."

सोडलेला नाही. मला गाडी चालवता येत नाही, तर हेलनबाई येताना मला घेऊन येतात. वाटेत आम्ही फारसं बोलत नाही, दोघांच्या इंग्रजीचं जमत नाही. मुलं आली की त्या माहिती सांगतात आणि मी प्राण्यांचे आवाज काढतो. चोच गेलेल्या कोंबड्याला मी जी बांग देतो ती ऐकून वरच्या मजल्यावरचे प्राध्यापक दार लावून घेतात. या वयात, इतक्या लांब, मला पुन्हा मांडव मिळाला, तो लाँड्रीत टोपली घेऊन आलेल्या एका पोरीमुळे. हे मी तिला कधी नीट सांगितलं नाही, म्हणून इथे लिहून ठेवतो.

दर पोळ्याला उमरेडहून माझ्या नावाने फोन येतो. मालिनीबाई आधी शैलजाची चौकशी करतात, मग माझ्या गुडघ्यांची. मग विचारतात, "अन् त्याचा खांदा?"

"बरा आहे," मी सांगतो. "अजून थोडी हळद आहे."

"राहू द्या," त्या म्हणतात.